टेबलावरचं जग

चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. 1912 साली जन्मलेल्या या पारशी कलावंतानं कित्येक दशकं घराबाहेर क्वचितच पाऊल टाकलं. चित्रं काढली, शिल्पं घडवली. नाव झालं ते टेबल-टॉप छायाचित्रांमुळे. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या आणि प्रकाश असा पाडायचा, की पाहणाऱ्याला अख्खा देखावा दिसावा. त्यांनी घर का सोडलं नाही, याच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. मला ते टेबलच जास्त खुणावतं.

चित्र काढायचं म्हटलं की आपण निसर्गरम्य जागा शोधतो. त्यापेक्षा मूस यांच्यासारखी घरातलीच साधी वस्तू निवडा: ओट्यावरचं भरताचं वांगं घ्या. ताटलीत, खिडकीशी ठेवा आणि आठवडाभर रोज सकाळी तेच काढा. पहिल्या दिवशी हात पाठ असलेलं वांगं काढतो. मग दिसू लागतं, की त्यावरची चकाकी म्हणजे खिडकीच आहे, जरा वाकलेली. खालच्या काळोख्या बाजूलाही ताटलीवरून परतलेला उजेड असतो. वांगं सुरकुतेल, तेही काढा. भरीत मात्र दुसऱ्या वांग्याचं करा! खोडरबर लांब असू द्या. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढली, की नजर कुठे घसरली ते कागदच दाखवतो.