शनिवारचा बंद घाणा

रोहेकर, पेणकर, चेऊलकर, नवगावकर. ही बेने इस्राएली आडनावं आज इस्राएलमध्येही ऐकू येतात, पण पडली ती आमच्या रायगडातल्या गावांवरून. हे लोक इथे पिढ्यान् पिढ्या तेल गाळत. हिब्रू बहुतेक विसरली होती, धर्मग्रंथ हाताशी नव्हते. उरलं होतं ते थोडकं: सुंता, खाण्याचे काही नियम, ‘शमा’ ही प्रार्थना आणि शनिवारी बंद राहणारा घाणा. त्यावरून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’.

देव एकच, हा शमाचा गाभा. त्याला लागूनच आज्ञा येते की त्याच्यावर प्रेम करायचं ते मन, जीव आणि बळ सगळं लावून. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्याने येशूला विचारलं, तेव्हा मार्कच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे त्याने शमाच पुढे ठेवला. म्हणजे रविवारी चर्चला जाणारा मी आणि तो तेली, दोघेही एकाच आज्ञेला बांधलेले.

पण ‘सगळं’ म्हणजे किती? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे माणूस वाटून देतात, एका प्रोजेक्टला सत्तर टक्के, दुसऱ्याला तीस. देवाचा हिशेब असा मांडला तर दोनच वाटा उरतात. एकतर नोकरी सोडून मिशनमध्ये जायचं, नाहीतर रविवारच्या दीड तासावर भागवायचं. पहिली वाट फार थोड्यांची. दुसरीत बाकीचा आठवडा देवाच्या कक्षेबाहेर जातो.

तेल्याने तिसरी वाट धरली होती. सहा दिवस तो इतरांसारखंच तेल गाळायचा, त्याच गिऱ्हाइकांना विकायचा. सातव्या दिवसाची कमाई सोडून तो एवढंच सांगत होता, की घाणा माझा मालक नाही. हे एकदा ठरलं की उरलेल्या सहा दिवसांचाही अर्थ बदलतो. संपूर्ण समर्पण म्हणजे सगळे तास देणं नव्हे. ‘इथे देवाने लक्ष घालू नये’ अशी एकही खोली कुलूप लावून न ठेवणं.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. शनिवारचा तोटा तेली स्वतः सोसत होता. सगळ्यांच्या बाबतीत तसं होत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण त्या निर्णयाने लक्ष्मीबाईंना काही वर्षं नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढावी लागली. पुढे त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळं त्यांनी कडवटपणा न ठेवता, पण काही न लपवताही लिहिलं. ते वाचताना मला टिळक खोटे वाटत नाहीत. तरी एक गोष्ट टाळता येत नाही: एकाच्या समर्पणाची किंमत दुसऱ्याने, न विचारता, चुकवली होती.

म्हणून येशूचं उत्तर शमापाशी थांबत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. विचारली होती एक आज्ञा. त्याने लगेच दुसरी जोडली, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करण्याची. तीही जुनीच, लेवीय पुस्तकातली. ही दुसरी आज्ञा पहिलीतून काही कापून घेत नाही, ती पहिलीची परीक्षा घेते. माझ्या भक्तीचं बिल बायकोच्या, आईच्या, हाताखालच्या माणसाच्या नावावर फाटत असेल, तर ‘सगळं’ दिलं असं मी म्हणू नये. कारण दिलं ते त्यांचं, माझं नव्हे.

धाटावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा एखादा ख्रिस्ती ऑपरेटर डोळ्यांपुढे आणा. रविवारी ड्यूटी लागली तर उपासना चुकते. पगार घर चालवतो, म्हणून तो जातो. पहाटे तीनला लॉगशीट भरायची असते. मीटरजवळ न जाताच मागच्या तासाचा आकडा पुन्हा लिहिता येतो, कोणी बघायला नाही. तो उठतो, मीटर बघतो, दिसेल तोच आकडा लिहितो. खाली कुंडलिकेकाठी झोपलेल्या माणसांशी त्या आकड्याचा संबंध आहे. त्याचा घाणा त्या रात्री चालूच असतो, आणि तरीही शनवार तेल्याने जपलेली आज्ञा तिथे पाळली गेलेली असते.