प्रामाण्य आणि केऑनिक हेलियम

ज्ञान खरे असल्याची खात्री त्या ज्ञानातच असते की ती बाहेरून मिळवावी लागते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके वाद घातला. स्वतःप्रामाण्यवादी मीमांसकांच्या मते, विरुद्ध ज्ञानाने बाध येईपर्यंत किंवा साधनातील दोष उघड होईपर्यंत ज्ञान प्रमाणच मानावे. परतःप्रामाण्यवादी नैयायिकांना मात्र सफल प्रवृत्तीसारखा वेगळा आधार हवा असतो. केऑनिक हेलियमच्या मापनात हा वाद अनपेक्षितपणे जिवंत झालेला दिसतो.

हेलियमच्या अणूत इलेक्ट्रॉनच्या जागी त्याच्या सुमारे ९६६ पट वस्तुमानाचा ऋणभारित केऑन हा कण शिरला, की तो पायरीपायरीने खालच्या कक्षांत उतरताना क्ष-किरण सोडतो, आणि केंद्रकाच्या प्रबल बलामुळे त्यांची ऊर्जा किंचित सरकते. १९७० आणि १९८० च्या दशकांतील तीन प्रयोगांनी हे सरकणे सरासरी चाळीस इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या घरात दाखवले, तर सिद्धान्ताला ते जेमतेम एखाद्या इलेक्ट्रॉन-व्होल्टाच्या आसपास अपेक्षित होते. तिघांची साक्ष जुळत होती, तरीही २००७ मध्ये जपानमधील केईके संस्थेच्या प्रयोगाने ते शून्याजवळ आणले.

येथे स्वतःप्रामाण्यवाद लंगडा पडतो, कारण बाधक ज्ञानही ज्ञानच असल्याने दोन्ही बाजू आपापल्या परीने स्वतःप्रमाण ठरतात आणि निवड कशाने करावी हे कळत नाही. त्या निवडीला बाहेरचा आधार पुढे मिळाला: २०२२ मध्ये जपानच्याच जे-पार्क प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांसाठी अतिवाहक संवेदक वापरले होते. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, अतिवाहकता नुकतीच नाहीशी होऊ लागते त्या तापमानावर धातूचा पातळ थर रोखून धरला, तर एका क्ष-किरण फोटॉनच्या उष्णतेनेही त्याचा विद्युतरोध झपाट्याने बदलतो, आणि त्या बदलावरून फोटॉनची ऊर्जा सुमारे सहा इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या विभेदनाने कळते. केऑनिक हेलियम-४ ची क्ष-किरण रेषा ६४६३.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर, अर्ध्याहून कमी इलेक्ट्रॉन-व्होल्टाच्या अनिश्चिततेसह निश्चित झाली आणि मोठ्या सरकण्याला जागा उरली नाही.

मात्र हे यंत्र स्वतःहून बोलत नाही. क्रोमियम, कोबाल्ट, तांबे यांच्या ज्ञात रेषांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचा आकडा निरर्थक असतो, आणि त्या रेषाही पूर्वी कुणीतरी दुसऱ्या साधनाने मोजलेल्याच असतात. प्रमाणाला प्रमाण, त्यालाही प्रमाण, अशी ही अनवस्था म्हणजे नैयायिकावरचा जुनाच आक्षेप आहे. जेथे संशय उद्भवतो तेथेच परीक्षा हवी, आणि तांब्याच्या रेषेविषयी संशयाला कारणच नाही, असे त्याचे उत्तर राहील. त्यावर मीमांसक म्हणेल की हे थांबणे म्हणजेच स्वतःप्रामाण्य.