आपला गतकाल कोणाचा?

आमच्या परिचयाच्या एका तरुण शिक्षकाने मागील उन्हाळ्याच्या सुटीत एक काम हाती घेतले. चौदा-पंधरा वर्षांत निरनिराळ्या समाजमाध्यमांवर आपण जे जे लिहिले, जी जी छायाचित्रे लावली, ती सर्व गोळा करून सालवार एका ओळीत मांडावी व स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांस पाहावयास ठेवावी, असा त्याचा मानस होता. काम पुरे होत आले तेव्हा तो आमच्याकडे एक प्रश्न घेऊन आला. २०१६ साली शेताच्या वाटणीवरून वडील बंधूंशी त्याचे भांडण झाले होते, आणि त्या रात्री रागाच्या भरात त्याने फेसबुकवर बंधूंविषयी चार कठोर ओळी लिहिल्या होत्या. आता दोघे भाऊ गोडीने नांदतात व एकाच विहिरीचे पाणी पाळीपाळीने घेतात. "त्या ओळी काढल्या तर इतिहास खोटा होतो, आणि ठेवल्या तर दादाचे मन दुखते. मी काय करावे?" असे त्याने विचारले.

आम्ही चटकन म्हणालो, "काढून टाका." परंतु तो गेल्यावर हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटेना.

कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप आत्मप्रौढीचा आहे. तसे आम्हांस वाटत नाही. ह्या शिक्षकाचे कॉलेजातील दिवस ऑर्कुटवर गेले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते माध्यम बंद पडले. आपल्या लिखाणाची नक्कल काढून घेण्यास त्यानंतर दोन वर्षांची मुदत होती, पण हे त्यास ठाऊक नव्हते. मित्रांचे सारे निरोप गेले. परक्याच्या कोठारात ठेवलेले धान्य आपल्या कणगीत आणावे, ही इच्छा रास्तच आहे. फेसबुकने २०१० पासून व गूगलने २०११ पासून अशी नक्कल मागण्याची सोय केली आहे. मागितली म्हणजे एक भले मोठे गाठोडे हाती येते. त्यात आपले लिखाण तर असतेच, शिवाय आपण केव्हा काय शोधले व कोणाच्या लिखाणास पसंती दिली हेही असते. आपल्याविषयी एवढे टिपून ठेविले होते हे पाहून मनुष्य क्षणभर घाबरतो.

तेव्हा गोळा करण्यात दोष नाही. मात्र गोळा केल्याने वस्तू पूर्वीची राहत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. सप्टेंबर २०११ मध्ये फेसबुकनेच प्रत्येकाचे जुने लिखाण सालवार मांडणारी 'टाइमलाइन' जाहीर केली. पुढल्या वर्षी फ्रान्समध्ये एकच ओरड झाली की, आमची खाजगी पत्रे जगासमोर उघडी पडली! कंपनीने सांगितले की, ती खाजगी पत्रे नव्हेत. लोकांनी पूर्वी एकमेकांच्या भिंतीवर उघडपणे लिहिलेलेच ते मजकूर होते. तेथील सरकारी देखरेख मंडळानेही चौकशीअंती हेच म्हटले. लोक लबाड नव्हते. चार मित्रांत बोलावे तसे ते बोलले होते, आणि तेच शब्द ओळीने समोर आले तेव्हा आपण असे चारचौघांत बोललो होतो हे त्यांस खरे वाटेना.

आमच्याकडे अशी नोंद ठेवण्याची रीत नवी नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत: कोण आला, कोणत्या गावचा, कोणाचा पुत्र. काही ख्रिस्ती घराण्यांत शास्त्राच्या कोऱ्या पानावर जन्म, विवाह व मृत्यू लिहून ठेवीत. तेथे लिहिणारा हात काय लिहावे हे ठरवी. भाऊबंदकीच्या एखाद्या रात्रीची शिवी त्या पानावर कोणी लिहीत नसे, आणि म्हणून ते पान खोटे आहे असेही कोणी म्हणत नसे.

आता त्या चार ओळी घ्या. शब्द शिक्षकाचे आहेत ह्यात संशय नाही. पण ती रात्र त्याच्या एकट्याची होती काय? तिच्यात बंधू होते, वहिनी होत्या, घरातील लेकरे होती. छायाचित्रांचेही तसेच. लग्नाच्या पंगतीतील चित्र आपण काढले म्हणून पंगतीत बसलेले पन्नास लोक आपले होत नाहीत. कायद्याकडे पाहावे तर २०२३ साली आपल्या देशात झालेल्या कायद्यात कंपन्यांकडून आपली माहिती पुसून घेण्याची तरतूद आहे. परंतु व्यक्तीने खाजगी अथवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीस तो कायदा लागू नाही. भावाभावांतील हिशेब त्याने भावांवरच सोडला आहे, आणि तो सोडणेच बरे, असे आमचे मत आहे.

म्हणून आम्ही त्या शिक्षकास पुन्हा बोलावून सांगितले की, आमचे पहिले उत्तर चुकले. ओळी गुपचूप काढल्या तर आपला अपराध तेवढा झाकला जाईल, आणि ठेवल्या तर खरेपणाची कीर्ती आपणास मिळून त्याचे मोल दादा देतील. ती नक्कल घरी खुशाल ठेवा. परंतु उघड करण्यापूर्वी दादांस विचारा.

तो गेला. ओसरीवर बसून त्याने मोबाइल बंधूंच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून ओळी वाचल्या व म्हणाले, "हे मी आजच पाहतो आहे. तुझ्या वहिनीने मात्र तेव्हाच वाचले असेल. ती मला काही बोलली नाही."

वहिनी तेव्हा माहेरी गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत शिक्षकाने आपले काम तसेच अर्धवट ठेविले आहे.