चतुर्थीचा चंद्र आणि खोटा आळ

गणेश चतुर्थीची आरती आटोपली की देवळाली प्रवरातल्याच काय, साऱ्या महाराष्ट्रातल्या घरांत पोरांना बजावलं जातं: आज चंद्र बघायचा नाही, चोरीचा आळ येतो. नेमकी तीच कोर ग्रीसमधल्या क्रायोनेरी वेधशाळेच्या १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला हवी असायची. मग श्रद्धावंताने काय करावं?

चंद्राला वातावरण नाही. पृथ्वीवर हवेतच जळून गेला असता असा दगड तिथे थेट जमिनीवर आदळतो आणि सेकंदाच्या अंशभर ठिणगी चमकते. ती दिसते फक्त कोरीच्या काळोख्या भागावर. पौर्णिमेच्या उजेडात हरवते. क्रायोनेरीतल्या, युरोपीय अंतराळ संस्थेच्या 'नेलिओटा' प्रकल्पात २०१७पासून अशा शंभराहून अधिक ठिणग्या टिपल्या गेल्या.

पण ठिपका दिसला म्हणजे दगड पडला, असं तिथे कुणी मानत नसे. वैश्विक किरणांतला एखादा कण कॅमेऱ्यावर आपटला तरी तसाच ठिपका उमटतो. म्हणून दुर्बिणीतला प्रकाश दोन कॅमेऱ्यांत विभागला जायचा, एकात तांबडा, दुसऱ्यात अवरक्त. दोघेही सेकंदाला ३० चित्रं घ्यायचे. दोघांनी एकाच क्षणी साक्ष दिली, तरी ती उपग्रहाची चकाकी नव्हती ना, हे पुन्हा तपासलं जायचं.

आता स्यमंतक मण्याची कथा आठवा. चतुर्थीचा चंद्र पाहिल्याने कृष्णावर मणी चोरल्याचा आळ आला. त्याने काय केलं? माग काढत जांबवानाच्या गुहेपर्यंत गेला, मणी आणून त्याचा धनी सत्राजित याच्या हाती ठेवला. आळ पुराव्याने धुतला गेला. १७ मार्च २०१३ला 'नासा'च्या निरीक्षकांना चंद्रावर लखलखीत ठिणगी दिसली, तेव्हा असाच माग निघाला: चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांत त्या जागी १८ मीटर रुंदीचं ताजं विवर सापडलं.

या कथेचा गाभा चंद्र टाळण्यात नाही, शहानिशा केल्याशिवाय कुणाला दोषी न धरण्यात आहे. तो गाभा क्रायोनेरीत प्रत्येक ठिणगीच्या वेळी पाळला जायचा. तेव्हा दुर्बिणीला डोळा लावल्याने धर्म बुडत नाही.

आठ इंची दुर्बीण आणि व्हिडिओ कॅमेरा घेऊन हौशी निरीक्षकही असे आघात टिपतात. चतुर्थीचा नेम ज्यांना पाळायचा आहे त्यांनी जरूर पाळावा. ऋषिपंचमीच्या संध्याकाळी मात्र, ढग नसतील तर, देवळाली प्रवरातल्या शिक्षकांनी पोरांना गच्चीवर न्यावं आणि कोरीचा काळोखा भाग दाखवावा.