शक्तीपलीकडचे ओझे

गुरांना औषध, संप्रेरक किंवा खाद्यपूरक देणे ही सेवा कधी असते आणि हिंसा कधी ठरते, या प्रश्नाचा विचार करायला जैन आचारशास्त्रात एक जुनी पण अजून धारदार चौकट आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ जीव जाण्यावर थांबलेले नाही. प्रमादामुळे, म्हणजे बेसावधपणे किंवा विकारवश होऊन जीवाला पोहोचवलेली इजा ही हिंसा, असे तिथे मानले आहे. गृहस्थाच्या अहिंसा-अणुव्रताला डाग लावणारे पाच अतिचारही सांगितले आहेत: प्राण्याला जखडून ठेवणे, मारहाण, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. यातला चौथा, अतिभारारोपण, वाचताना डोळ्यांसमोर बैलाची पाठ किंवा लादलेली गाडी येते. आजच्या गोठ्यात ते ओझे बहुतेक वेळा कासेवर पडते आणि ते सुईतून किंवा गव्हाणीतून येते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतले आहे. गाईचे वाढ-संप्रेरक जनुक-तंत्राने जिवाणूंकडून तयार करून दुभत्या गाईंना टोचण्यास तिथे नोव्हेंबर १९९३ मध्ये मान्यता मिळाली. ‘पॉसिलॅक’ या नावाने विकले जाणारे हे इंजेक्शन चौदा दिवसांनी द्यायचे असे. दूध साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढे. हे संप्रेरक शरीरातली पोषकद्रव्ये कासेकडे वळवते. गाईची भूक त्या मानाने उशिरा वाढते, आणि मधल्या काळात दूध अंगावरच्या चरबीतून निघते. कॅनडात पशुवैद्यांच्या तज्ज्ञ समितीने उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा कासदाहाचा धोका २५ टक्क्यांपर्यंत, वंध्यत्वाचा १८ टक्क्यांनी आणि लंगडेपणाचा ५० टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला. जानेवारी १९९९ मध्ये कॅनडाने हे औषध नाकारले. दूध पिणाऱ्या माणसाला त्यापासून लक्षणीय धोका आढळला नव्हता. नकार दिला गेला तो गाईच्या प्रकृतीसाठी. युरोपीय संघानेही जनावरांच्या आरोग्याचे आणि कल्याणाचे कारण देऊन २००० सालापासून त्यावर कायमची बंदी घातली. अतिभाराचे तत्त्व कोणताही धर्मग्रंथ न उघडता आधुनिक कायद्यात उतरले, असे या दोन निर्णयांबद्दल म्हणता येईल.

औषधाच्या बाजूने केला गेलेला युक्तिवाद असा होता की, जास्त दूध देणाऱ्या गाईंना कासदाह जास्त होतोच. वाढीव दुधाच्या प्रत्येक लिटरमागे हिशोब केला तर धोका वेगळा दिसत नाही. हा हिशोब बरोबर मानला तरी तो मालकाच्या बाजूने मांडलेला आहे. कासदाह लिटरला होत नाही, गाईला होतो. मात्र या युक्तिवादातून एक अडचणीचे सत्य बाहेर पडते आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे नाही: केवळ पैदाशीच्या निवडीतूनही गाईवर तसेच ओझे येऊ शकते, एकही सुई न टोचता.

ऑक्सिटोसिनचे प्रकरण भारताच्या जवळचे आहे. वासरू कासेला ढुशा देऊ लागले, सड तोंडात धरले की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते. मिनिटा-दोन मिनिटांत दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या पेशी आकसतात, कास टणक होते, सड भरतात आणि पान्हा सुटतो. शहरातल्या तबेल्यात रेडकू पुष्कळदा आबाळीने दगावते किंवा लवकर विकले जाते. मग म्हैस पान्हा चोरते आणि दर धारेला इंजेक्शन सुरू होते. काही काळाने शरीर बाहेरच्या मात्रेला सरावते, स्वतःच्या संप्रेरकाला दाद देईनासे होते आणि सुईशिवाय कास पूर्ण रिकामी होत नाही. टोचलेला पदार्थ रासायनिकदृष्ट्या म्हशीच्या शरीरातलाच आहे, म्हणून ‘नैसर्गिक ते चांगले, कृत्रिम ते वाईट’ ही लोकप्रिय कसोटी इथे निरुपयोगी ठरते. बिघडले आहे ते आई आणि पिल्लू यांच्यातले नाते, आणि औषध त्या बिघाडावर पांघरूण घालते.

याच जातीच्या जुन्या क्रूर प्रकाराला फुंका म्हणत: जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून दूध उतरवणे. त्याची हकिकत कळल्याने गांधीजींच्या मनात गाई-म्हशीच्या दुधाबद्दल तिटकारा पक्का झाला, आणि पुढे प्राणांतिक आजारात कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे बारावे कलम फुंक्याबरोबरच दूध वाढवण्यासाठी दिलेल्या, जनावराच्या आरोग्याला अपायकारक अशा इंजेक्शनलाही गुन्हा मानते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिटोसिनच्या खासगी उत्पादनावर बंदी आणली, पण दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे हेच औषध आहे. पदार्थाला दोषी धरून भागत नाही, हे त्यातून पुन्हा दिसले.

खाद्यपूरकांचा निवाडा इतका सरळ नाही. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या दिवसांत गुरांना वाढे भरपूर मिळते. वाढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि हाडे, दूध, माज या सगळ्यांवर परिणाम होतो. अशा गाईला खनिज मिश्रण देणे म्हणजे जे तिच्या चाऱ्यातून हिरावले गेले ते परत करणे. ते न देणे हाच उलट पाचव्या अतिचाराचा, अन्न तोडण्याचा, सूक्ष्म प्रकार होय. मोनेन्सिनची गोष्ट वेगळी. हे प्रतिजैविक कोटीपोटातल्या जिवाणूंचा तोल बदलते, चारा अंगी लागण्याचे प्रमाण वाढवते, पोटफुगी आणि कीटोसिस कमी करते. जनावराचा फायदा खरा आहे. पण धान्याचा मारा करून वजन किंवा दूध वाढवताना जे विकार आपणच ओढवून आणतो, त्यांच्यापासूनच मुख्यतः ते वाचवते. ओझे तसेच राहते, ते वाहण्याची ताकद तेवढी वाढते. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात मिसळणे २००६ च्या आरंभी पूर्ण थांबवले, तेव्हा मोनेन्सिनही त्यात होते. त्यामागचे मोठे कारण औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची भीती हे होते.

औषध न देण्याचा अट्टहासही निर्दोष नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांनुसार प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध पुन्हा सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. पण तो दर्जा टिकवण्यासाठी उपचार रोखून धरण्यालाही तेच नियम मनाई करतात. शुद्धतेच्या पायी तापाने फणफणलेली गाय तशीच ठेवणे हा मोह खरा आहे, म्हणून हे वेगळे बजावावे लागले.

हेतूचा प्रश्न १९२८ मध्ये साबरमती आश्रमात टोकाला गेला. एक वासरू जखमी होऊन असह्य वेदनेत पडले होते, कूस बदलणेही त्याला शक्य नव्हते. पशुवैद्याने आशा सोडली. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा करून डॉक्टरकरवी त्याला विषाचे इंजेक्शन द्यायला लावले. निषेधाची पत्रे आली, त्यांत जैनांचाही रोष होता. गांधीजींची कसोटी अशी होती: ज्याला औषध द्यायचे त्याच्याच भल्यासाठी, निःस्वार्थपणे केलेले कृत्य अहिंसेत बसते. त्याच वेळी आश्रमाच्या पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांना मारणे मात्र हिंसाच होईल, कारण तिथे लाभ माणसाचा, हे त्यांनी मान्य केले. ही कसोटी वाढ-संप्रेरक आणि तबेल्यातली सुई यांना लावली की निकाल लगेच लागतो.

पण चांगल्या हेतूने सगळे निभावत नाही, हे डायक्लोफिनॅकने दाखवले. लंगडणाऱ्या, ताप आलेल्या गुरांना दिलासा देणारे हे वेदनाशामक. जनावराला त्याचा गुण येई. मात्र औषध घेतल्यावर थोड्या दिवसांत मेलेल्या गुराचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९० च्या दशकापासून ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाच्या दोखमेनशिनीचा, म्हणजे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याच्या रीतीचा, आधारच नाहीसा झाला. कारण उघड झाले २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या संशोधनातून. त्याआधी सुई टोचणाऱ्या पशुवैद्याला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याला ते ठाऊक असण्याचा मार्गच नव्हता. २००६ मध्ये भारताने गुरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद केले, आणि गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध होते. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला, तर २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेन यांवरही गुरांसाठी बंदी आली. २००४ पूर्वीच्या सुईत आणि २००६ नंतर माणसांच्या कुपीतून भरलेल्या सुईत औषध तेच, हेतूही तोच. उमास्वातींच्या व्याख्येतला प्रमाद मात्र फक्त दुसरीत आहे.