रिकामी डिरेक्टरी आणि अभावाचे ज्ञान

जमिनीवर घट नाही, हे कशाने कळते? डोळ्यांना दिसते ती जमीन. घट तर दिसतच नाही. मग ‘नाही’ हे ज्ञान आले कुठून? न्याय आणि मीमांसा या दर्शनांत हा वाद शतकानुशतके चालला आणि तो शब्दांचा खेळ नव्हता. लिनक्स सर्व्हरच्या देखभालीत हाच प्रश्न रोज उभा राहतो: ‘/डेटा’ या जागी डिस्क जोडलेली नाही, हे स्वयंचलित साधनाने कशावरून ओळखावे?

लिनक्समध्ये सगळ्या फायली एकाच झाडात असतात. नवी डिस्क वापरायची तर तिची फाइल सिस्टिम या झाडातल्या एखाद्या डिरेक्टरीवर बसवावी लागते. हे माउंट करणे, आणि ती डिरेक्टरी म्हणजे माउंट पॉइंट. माउंट झाले की त्या डिरेक्टरीत आधी जे काही असेल ते झाकले जाते. ते नष्ट होत नाही. डिस्क काढली की पुन्हा दिसू लागते. वैशेषिकांच्या परिभाषेत हा संयोग आहे, समवाय नव्हे. तंतू आणि पट यांच्यात समवाय असतो. तो तुटला तर पटच उरत नाही. घट आणि जमीन मात्र आधीपासून वेगळी असतात, एकत्र येतात, दूर होतात, आणि दोन्ही शिल्लक राहतात. अडचण अशी की नाव हा भेद लपवते. ‘/डेटा/ग्राहक’ असा मार्ग वाचणाऱ्याला ‘डेटा’ ही वस्तू वाटते. प्रत्यक्षात ती एक जागा आहे, आणि त्या जागेवर आज काय बसले आहे ते नावावरून कळत नाही.

या संयोगाची नोंद दोन ठिकाणी असते. एफएसटॅब या फायलीत इच्छा लिहिलेली असते आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, माउंट यादीत वस्तुस्थिती. एफएसटॅबच्या प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात, त्यांतले पहिले दोन सर्वांत महत्त्वाचे: काय बसवायचे आणि कुठे. नैयायिकांनी अभावाचे वर्णन करताना हीच दोन अंगे मागितली. ज्याचा अभाव तो प्रतियोगी. जिथे अभाव तो अनुयोगी. नुसता अभाव कधीच नसतो. म्हणून पहिल्या रकान्यात ‘एसडीबी’सारखे नाव लिहिणे धोक्याचे ठरते. ते नाव कर्नलला डिस्क कोणत्या क्रमाने सापडल्या त्यावर अवलंबून असते आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर दुसऱ्याच डिस्कला मिळू शकते. त्याऐवजी फाइल सिस्टिमचा १२८ बिटांचा यूयूआयडी लिहिला तर प्रतियोगी निश्चित होतो.

इच्छा आणि वस्तुस्थिती जुळवण्याचे काम आता स्वयंचलित साधने करतात. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लोत सीएफइंजिन सुरू केले, २००५ मध्ये पपेट आले, २०१२ मध्ये अँसिबल. या साधनांना शक्यतो कृतींची यादी द्यायची नसते. हवी ती स्थिती सांगायची असते. साधन आधी आहे ती स्थिती पाहते, हव्या त्या स्थितीशी ताडते आणि जेवढा फरक असेल तेवढेच काम करते. सगळे जागेवर असेल तर दुसऱ्यांदा चालवूनही काही बदलत नाही. या गुणाला आयडेम्पोटन्स म्हणतात. बेंजामिन पीअर्स या गणितज्ञाने १८७० मध्ये बीजगणितासाठी वापरलेल्या शब्दावरून हे नाव आले. पण या साऱ्या व्यवस्थेत कृतीचा उगम ‘नाही’ या ज्ञानात आहे. साधनाला ‘नाही’ कळले तरच ते हात हलवते. ते ज्ञान खोटे असेल, तर एका डिस्कवर दुसरी डिस्क बसून पहिली झाकली जाते. उलट खोट्या ‘आहे’वर साधन गप्प राहते, आणि ही शांतता जास्त घातक असते.

प्रभाकराच्या मीमांसेत अभाव हा वेगळा पदार्थ नाही. ‘घट नाही’ याचा अर्थ नुसती जमीन, केवल भूतल. नैयायिकांचा आक्षेप असा की जमीन तर घट असतानाही असते. मग ‘केवल’ या शब्दाने नेमके काय सांगितले? ज्या अभावाला दाराबाहेर ठेवले तोच या शब्दातून आत आला. हा आक्षेप किती खरा आहे हे बॅकअपच्या एका नेहमीच्या दुर्घटनेत दिसते. रात्रीची स्क्रिप्ट ‘/बॅकअप’ डिरेक्टरी आहे की नाही एवढेच तपासते आणि प्रती टाकू लागते. सर्व्हर पुन्हा सुरू होताना बाहेरची डिस्क माउंट झालेली नसते, पण डिरेक्टरी असतेच. ती दोन्ही स्थितींत असते. लिहिणे यशस्वी होते, एकही त्रुटी येत नाही, आणि सगळ्या प्रती मूळ डिस्कवर साठत जातात. पुढे कोणी बाहेरची डिस्क हाताने माउंट केली की त्या प्रती तिच्याखाली झाकल्या जातात. मग डीएफ ही आज्ञा मूळ डिस्क भरली असे सांगते आणि डीयू फायली मोजत जाते तर तेवढ्या फायली सापडतच नाहीत. मूळ फाइल सिस्टिम बाइंड माउंटने, म्हणजे तीच दुसऱ्या जागीही माउंट करून, उघडून पाहिली की झाकलेला थर दिसतो. ज्यांनी अशी रात्र काढली आहे त्यांना ‘केवल भूतल’ हा शब्द पुरेसा वाटणार नाही.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाच्या परंपरेने दुसरा मार्ग धरला. अभावाचे ज्ञान अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने होते, असे भाट्ट मानतात. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. मात्र त्याला योग्यतेची अट आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशा परिस्थितीतच तिचे न दिसणे प्रमाण ठरते. अंधारात घट दिसला नाही, यावरून काही सिद्ध होत नाही. सर्व्हरच्या कामात या एका अटीइतकी उपयोगी कसोटी क्वचितच मिळेल. माउंट ओळखण्याची एक जुनी युक्ती म्हणजे डिरेक्टरीचा डिव्हाइस क्रमांक तिच्या वरच्या डिरेक्टरीच्या क्रमांकाशी ताडून पाहणे. क्रमांक वेगळा असेल तर तिथे काहीतरी माउंट झाले आहे. पण एकाच फाइल सिस्टिममधली डिरेक्टरी दुसरीकडे बाइंड माउंट केली तर दोन्ही क्रमांक सारखेच येतात. वस्तू असूनही दिसत नाही, म्हणजे इथे योग्यता नाही. कर्नलच्या यादीला विचारणे अधिक भरवशाचे. तरी तिलाही मर्यादा आहे. २००२ मध्ये लिनक्स २.४.१९ पासून माउंट नेमस्पेस आले आणि वेगवेगळ्या प्रक्रियांना आपापली यादी मिळू शकली. कंटेनरच्या आत चाललेल्या साधनाला बाहेरच्या मशीनची यादी दिसत नाही, त्यामुळे त्याच्या ‘नाही’ला बाहेर वजन नाही. यावर अनुभवी प्रशासक दोन गोष्टी करतात. डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवतात. डिस्क असती तर ती फाइल दिसलीच असती, म्हणून तिचे न दिसणे योग्य अनुपलब्धी ठरते. आणि खालच्या रिकाम्या डिरेक्टरीला बदलबंदीची खूण लावतात, म्हणजे डिस्क नसताना कोणी लिहू गेले तर त्रुटी येते.

अभावाचे प्रकार साधनांच्या शब्दांतही उमटले आहेत. पपेटमध्ये ‘माउंटेड’ म्हणजे नोंदही हवी आणि प्रत्यक्ष संयोगही. ‘डिफाइन्ड’ म्हणजे फक्त नोंद. ‘अ‍ॅबसेंट’ म्हणजे दोन्ही नकोत. ‘अनमाउंटेड’ म्हणजे नोंद हवी, संयोग नको. अँसिबलमध्ये मात्र याच ‘अनमाउंटेड’ शब्दाने डिस्क काढली जाते आणि नोंदीला हातही लावला जात नाही. शब्द एक, अभाव दोन. अँसिबलचा ‘अ‍ॅबसेंट’ तर त्या जागी कोणती डिस्क आहे हेही पाहत नाही. जी असेल ती काढतो. न्यायाच्या भाषेत हा सामान्याभाव आहे, विशेषाभाव नव्हे, आणि हे लक्षात न घेता तो वापरणे जोखमीचे आहे. याहून सूक्ष्म भेद मौन आणि निषेध यांच्यातला. माउंटची घोषणा कोडमधून खोडली की माउंट जाईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ज्याचा उल्लेख नाही त्याकडे साधन पाहतच नाही. काढायचे असेल तर ‘नको’ असे स्पष्ट लिहावे लागते.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो डिरेक्टरीच्या परवानग्यांचा. डिस्क माउंट झाल्यावर ‘/डेटा’चा मालक आणि परवानग्या डिस्कच्या स्वतःच्या मूळ डिरेक्टरीतून येतात, झाकलेल्या डिरेक्टरीतून नव्हे. म्हणून ‘/डेटा’चा मालक डेटाबेस असावा हे वाक्य माउंटच्या आधी एका वस्तूबद्दल असते आणि नंतर दुसऱ्या. अक्षरे तीच, अनुयोगी बदललेला. सावध प्रशासक दोन कामे लिहितो: आधी बंद परवानग्यांची रिकामी डिरेक्टरी तयार करायची, मग माउंट करून मालक बसवायचा. पहिल्यांदा हे नीट चालते. दुसऱ्यांदा चालवले की पहिले काम थेट माउंट झालेल्या डिस्कवर जाऊन तिच्या परवानग्या बंद करते, आणि दुसरे काम त्या पुन्हा उघडते. मधल्या क्षणी डेटाबेसला आपल्याच फायली उघडता येत नाहीत, आणि साधन प्रत्येक वेळी बदल झाल्याचे सांगते. पपेट एकाच मार्गाची दोनदा घोषणा करूच देत नाही. तिथे पहिले काम वेगळी आज्ञा म्हणून लिहावे लागते. अँसिबलमध्ये त्या कामावर अट घालतात. दोन्हीकडे अट एकच असते: कर्नलच्या यादीत या जागेवर काही बसलेले नसेल, तरच.