हांकेला ओ

तुळजापूरच्या देवीचें एक नांव त्वरिता. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूति हिनें संकटांत धांवा करतांच ती त्वरेनें आली म्हणून त्वरिता, आणि त्यावरूनच पुढें तुळजा हें नांव पडलें, असें स्थलपुराण सांगतें. सामर्थ्य असणें निराळें आणि हांकेला ओ देणें निराळें, हें नीतितत्त्व ह्या कथेंत आहे असें आम्हांस वाटतें. आजच्या एका लौकिक दानाला तें लावून पाहूं.

हें दान म्हणजे संगणक चालविणारी मुक्त प्रणाली, मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ सालीं हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. कोणींही ती वापरावी, तिची आंतील रचना वाचावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, अशी मोकळीक तिच्या परवान्यांतच आहे. विद्या दिल्यानें वाढते, ह्या वचनाचें याहून ठळक उदाहरण क्वचितच सांपडेल.

परंतु हें दान घरोघर पोंचलें काय? मोठमोठ्या सर्व्हरांवर लिनक्सचें राज्य झालें; घरच्या संगणकावर मात्र एक जड काम चालू असतां गाणें अडखळावें, माउसचा बाण थबकावा, अशी तक्रार राहिली. ऑस्ट्रेलियांतील भूलतज्ज्ञ डॉक्टर कॉन कोलिवास यांनीं ती मनावर घेतली. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामास केव्हां द्यावयाचा हें ठरविणारा भाग त्यांनीं, स्वतः शिकून, पुनःपुन्हां लिहून पाहिला. सामान्य वापरणाऱ्याची उपेक्षा होते असें सांगून २००७ सालीं त्यांनीं तें काम सोडलें. त्याच वर्षीं इंगो मोल्नार यांची नवी रचना गाभ्यांत आली. वेळेच्या न्याय्य वांटणीच्या कल्पनेचें श्रेय मोल्नार यांनीं कोलिवास यांस दिलें.

धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, असा आक्षेप येथें येईल. विनामूल्य राबणाऱ्यावर हें आणखी ओझें कां? घेणाऱ्यानें दांत मोजूं नयेत हें खरें. पण देणाऱ्यानें ते मोजावे, कारण त्याचें ध्येय केवळ वस्तु देण्याचें नसून स्वातंत्र्य देण्याचें आहे. ज्यास प्रोग्रॅम वाचतां येतो त्यालाच जें उपभोगितां येतें, तें स्वातंत्र्य नव्हे, ती पांडित्याची मिरासदारी होय. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं गीतार्थ मराठींत आणला, तो असली मिरासदारी पुरी झाली म्हणूनच. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें लिनक्सवर उभारलेली 'बॉस' ही प्रणाली मराठींतही वापरतां येते, हें त्याच वाटेवरचें पाऊल. उलट, सोईसाठीं बंदिस्त प्रणाली पत्करणें म्हणजे सुखाच्या घरांत भाडेकरू होणें. घर नीटनेटकें असेल, पण खिळा ठोकावयासही मालकाची परवानगी लागणार.

तरी सारें कर्तव्य दात्याचेंच नव्हे. मराठी जोडाक्षर वांकडें उमटलें, आज्ञेचा शब्द दुर्बोध वाटला, तर निमूटपणें दुसऱ्या दुकानीं जाणें सोपें. दोष कळविणें व चांगला शब्द सुचविणें हें आपलें काम. देवी धांवून आली खरी, परंतु आधीं अनुभूतीनें धांवा केला होता.